जीभ कुठे ठेवायची?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा विषय त्यांनीच ठरवून ठेवला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा मी 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' यावर बोलावं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, त्यावर हल्ली रिक्षावाल्यापासून सगळेच बोलतात. मी दातांवर बोलते. पलीकडे जरा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "दातांवर? म्हणजे काय, आपल्या वयावर टोमणा आहे का?"

थोडासा आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षभरात काय काय आलं ते आठवा. सुप्रभात, वाढदिवस, कोणाच्या मुलाचा निकाल, आणि त्याखालोखाल 'रूट कॅनालला चांगला डॉक्टर सांगा'. चाळिशी ओलांडली की दातांचा विषय घरात येतोच. एक आपला स्वतःचा आणि दुसरा आईवडिलांचा. माझ्याकडे तो आईच्या निमित्ताने आला. मी डॉक्टर नाही. पण दोन वर्षं आईबरोबर दाताच्या दवाखान्यांत बसले, विचारलं, वाचलं, आणि आज जे सांगणार आहे ते आपल्याच वर्गातल्या दंतवैद्य मित्राकडून तपासून घेतलं. त्याने एकच अट घातली, "उपाय सांग, पण औषध सांगू नकोस." ती मी पाळणार आहे.

विषय अगदी छोटा आहे. तोंड मिटून गप्प बसलेले असताना आपली जीभ कुठे असते, आणि दात गेला की ती कुठे जाते?

आता मराठीच्या बाईंची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बाई समोरच बसल्या आहेत. बाई, तुम्ही आम्हाला उच्चारस्थानं शिकवलीत. क-वर्ग कंठ्य, च-वर्ग तालव्य, ट-वर्ग मूर्धन्य, त-वर्ग दंत्य, प-वर्ग ओष्ठ्य. एकेकाला उभं करून 'त, थ, द, ध, न' म्हणायला लावायचात आणि विचारायचात, "जीभ कुठे लागली?" आम्ही हसायचो. पण आपल्या व्याकरणकारांनी किती शतकांपूर्वी तोंडाचा हा नकाशा काढून ठेवला आहे, हे तेव्हा कळलं नव्हतं. त, थ, द, ध, न आणि ल, स यांना 'दंत्य' म्हणतात, कारण जिभेला टेकायला दातांची भिंत लागते.

मराठीत तर याहून एक गंमत आहे. आपल्याकडे च, ज आणि झ दोन-दोन आहेत. 'चिमणी'तला च वेगळा, 'चांगला'तला वेगळा. 'जीभ'मधला ज वेगळा, 'जाड'मधला वेगळा. 'माझी' म्हणा आणि 'माझा' म्हणा. अक्षर एकच, पण जीभ दोन ठिकाणी जाते. लिहिताना आपण फरक करत नाही, बोलताना मात्र मराठी माणूस चुकत नाही. त्या दुसऱ्या उच्चारांना दंततालव्य म्हणतात. जीभ दातांच्या अगदी मागे येते आणि हवा बारीक फटीतून बाहेर पडते. पुढचे दात नसले तर ही फट नीट धरता येत नाही. म्हणून दात गेलेल्या मराठी माणसाचं नुसतं 'सकाळ' अडखळत नाही, तर 'चूल', 'चव', 'जाळं', 'माझा' हे अगदी घरातले शब्दही अडखळतात.

बाई, तुम्ही बोलताना जीभ कुठे जाते ते शिकवलंत. गप्प असताना ती कुठे असते, हे मात्र पाठ्यपुस्तकात नव्हतं. आज तेवढाच धडा पुढे नेते.

आता सगळ्यांनी एक करा. तोंड मिटा. ओठ एकमेकांना लागलेले, दात एकमेकांवर घट्ट दाबलेले नाहीत. आता न हलवता बघा, जिभेचं टोक कुठे आहे?

बऱ्याच जणांचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे, हिरडीच्या त्या खरखरीत उंचवट्यावर असेल. काहींचं खालच्या दातांना टेकलेलं असेल. तेही पुष्कळांचं असतं, लगेच घाबरू नका. साधारण नियम असा, की विसाव्याच्या वेळी ओठ मिटलेले, वरच्या-खालच्या दाढांमध्ये दोन ते चार मिलिमीटर मोकळी जागा, जीभ टाळूला हलकेच लागलेली आणि श्वास नाकाने. नाकाने श्वास घेता येत नसेल तर तोंड उघडं राहतं, आणि तोंड उघडं राहिलं की जीभ खाली उतरते. आपण तर नाशिककर. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून गावाचं नाव नासिक, अशी कथा लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा नाकाचं महत्त्व निदान आपल्याला तरी वेगळं सांगायला नको.

आता हिशोबाकडे येते, कारण माझा पिंड हिशोबाचा. दात जबड्यात सिमेंटने बसवलेले नसतात. हाड आणि दात यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो, आणि दातावर सतत एका बाजूने हलका दाब पडला तर दात सरकतो. ज्यांच्या मुलांच्या दातांना तारा लावल्या आहेत, त्यांनी हे पैसे भरून पाहिलं आहे. मग आपले दात एरवी जागच्या जागी कसे राहतात? आतून जीभ, बाहेरून ओठ आणि गाल, आणि मध्ये हिरडी-हाडाची पकड. या सगळ्यांचा मिळून समतोल.

पूर्वी डॉक्टरांना वाटायचं, गिळताना जीभ जोरात दाबते, त्यामुळे दात पुढे येतात. १९७८ साली विल्यम प्रॉफिट या अमेरिकन दंततज्ज्ञांनी हा हिशोब नव्याने मांडला. माणूस दिवसभरात साधारण हजार वेळा गिळतो असं धरू. प्रत्येक वेळी दाब सुमारे एक सेकंद. म्हणजे हजार सेकंद, जेमतेम सतरा मिनिटं. दिवसाचे सेकंद ८६,४००. सतरा मिनिटांच्या जोराने दात हलत नाहीत. दात हलवायला दाब हलका चालतो, पण तो रोज काही तास टिकावा लागतो. ढोबळमानाने सहा तासांच्या आसपास. एवढा वेळ जीभ एकच गोष्ट करत असते, ती म्हणजे विसावा. म्हणून जीभ किती जोरात ढकलते यापेक्षा ती तासन् तास कुठे पडून असते, याला जास्त महत्त्व.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच पाहतो. मिनिटभर आलेला मोठा भार यंत्रणा सोसते. पाठीमागे चोवीस तास गुपचूप चालणारी छोटी गोष्ट महिनाभरात सगळं खाली आणते.

आता दात जातो तेव्हा काय होतं ते पाहू.

आपल्या सगळ्यांचा हा अनुभव एकदा झालेला आहे. पहिलीतला वर्गाचा फोटो कोणाकडे असेल तर काढून बघा. अर्धा वर्ग बोळका आहे. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाचे दात पडायला लागतात, बहुतेकांचे खालचे पुढचे आधी. एकूण वीस दुधाचे दात. तेव्हा आपण सगळे बोबडे होतो. दिवसभर जिभेचं टोक त्या खिडकीत. घरचे ओरडायचे, "जीभ लावू नको, दात वाकडा येईल." जिभेला राहवत नाही. रिकामी जागा दिसली की ती चाचपडते आणि मग तिथेच बसते. त्या वेळी निसर्गाने आपल्याला सवलत दिली होती. काही महिन्यांत नवा दात आला आणि त्याने जिभेला परत घरी पाठवलं. बहुतेकांचं बोबडेपण आपोआप गेलं.

चाळिशीनंतर गेलेल्या दाताच्या जागी मागून कोणी येत नाही. फरक एवढाच, पण सगळं त्यातच आहे.

एक दाढ काढली की जीभ आणि गाल दोन्ही बाजूंनी त्या जागेत शिरतात. शेजारची दाढ हळूहळू रिकाम्या बाजूला कलू लागते. समोरच्या जबड्यातल्या दाढेला टेकायला जोडीदार उरत नाही, म्हणून ती आपल्या जागेवरून बाहेर येऊ लागते. ज्या हाडाने तो दात धरला होता, त्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजतं. एक दात गेला तर हे सावकाश होतं, प्रत्येकात सारखं होत नाही, आणि काहींत फारसं होतही नाही. पण एकामागून एक चार-पाच दाढा गेल्या, की जीभ आडवी पसरते. डॉक्टर बघतात तेव्हा जीभ मोठी झाल्यासारखी दिसते. ती काही एकाएकी वाढलेली नसते. कुंपण पडलं, म्हणून जागा व्यापून बसलेली असते.

झिजण्याचा एक आकडा सांगते, तो मला फार लागला. कवळी वापरणाऱ्या रुग्णांचा पंचवीस वर्षांचा काळ व्यापणारा टालग्रेन यांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात खालच्या जबड्याच्या हाडाची झीज वरच्यापेक्षा सरासरी सुमारे चौपट दिसली. म्हणजे जिथे कवळी बसवणं मुळातच अवघड, तिथेच हाड जास्त झिजतं.

आता आईचं सांगते. ती आज इथे नाही, पण तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "सांग, पण बिचारी म्हणून सांगू नकोस."

आईच्या खालच्या दाढा पंधरा वर्षांत एकेक करून गेल्या. दुखायला लागली की काढायची, हा त्या पिढीचा रिवाज. प्रत्येक वेळी वाक्य एकच, "मागचीच आहे, दिसत नाही. हसताना कळत नाही." घरातलं लग्न, वडिलांचं ऑपरेशन, घराची डागडुजी, सगळ्याला पैसे होते. दाढेला नव्हते, कारण ती दिसत नव्हती. मग एका बाजूने चावायची सवय लागली. मग त्या बाजूच्याही गेल्या. भाकरी दुधात, नाहीतर आमटीत भिजवून. चिवडा बंद, ऊस तर केव्हाच बंद. शेवटी खालचे पुढचेही हलायला लागले आणि पूर्ण कवळी बसवायचं ठरलं.

पहिली कवळी जिथे केली तिचं नाव घेणार नाही. वरची छान बसली. खालची बसेना. बोलायला तोंड उघडलं की उचलली जायची. दोनदा घासून घेतली, तरी तेच. आई भजनी मंडळात पुढे बसून म्हणणारी बाई. 'स' म्हटला की शिट्टी यायची आणि 'च' म्हटला की कवळी टकटक वाजायची. ती मागच्या रांगेत बसायला लागली. मग जाईनाशी झाली. पंगतीत "मला भूक नाही" म्हणायची आणि सगळे उठल्यावर स्वयंपाकघरात कुस्करून खायची. खालची कवळी स्टीलच्या डबीत कपाटात गेली. आपल्यापैकी किती जणांच्या घरात अशी डबी आहे, हात वर करा म्हणणार नाही. पण ती कुठल्या कपाटात आहे, हे तुम्हाला आत्ता आठवलं असेल.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कवळी हातात घेण्याआधी आईला सांगितलं, "थोडंसं तोंड उघडा. घास घेताना उघडता तेवढंच." आणि ते नुसते बघत राहिले. मग मला म्हणाले, "या, तुम्हीही बघा." आईची जीभ मागे घशाकडे गोळा होऊन बसलेली होती. खाली पुढे नुसता रिकामा खड्डा दिसत होता.

त्यांनी मग समजावून सांगितलं ते असं. वरची कवळी टाळूवर पसरलेली असते. मध्ये लाळेचा पातळ थर, कडा बंद, म्हणून ती चिकटून राहते. खालच्या कवळीला टाळू नाही. ती घोड्याच्या नालासारखी, आणि नालाच्या मधोमध सतत हलणारी जीभ. तिला धरायला उरतं काय? झिजलेलं हाड आणि कडेने बंद राहणारी तोंडातली त्वचा. जीभ सैल, पुढे पसरलेली, तिच्या कडा कवळीवर टेकलेल्या आणि टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे हलकेच लागलेलं असेल, तर ती कवळीला आतून धरून ठेवते. जीभ मागे ओढली गेली की तोंडाचा तळ ताणला जातो, कडेची बंद जागा उघडते, हवा शिरते आणि कवळी उठते. दंतशास्त्रात जिभेच्या या मागे ओढलेल्या स्थितीची नोंद १९४०च्या दशकापासून आहे. म्हणजे नवीन काही नव्हतं. आईला फक्त कोणी सांगितलं नव्हतं.

इथे एक खुलासा करते, नाहीतर गोंधळ होईल. स्वतःचे दात असताना विसाव्याला जिभेचं टोक वर असलेलं चांगलं, हे मी मघाशी सांगितलं. खालची पूर्ण कवळी असताना, विशेषतः तोंड उघडताना आणि बोलताना, टोक खालच्या दातांच्या मागे असलेलं चांगलं, कारण तिथे जिभेला राखणदाराचं काम आहे. दात बदलले की जिभेचं कामही बदलतं.

मग जीभ मागे का जाते? काहींची मुळातच तशी असते. काहींची दात गेल्यावर तशी होते. दुखऱ्या हिरडीपासून, टोचणाऱ्या कडेपासून ती दूर पळते आणि तीच सवय होते. आधार गेला की माणूसही भिंतीपासून दूर कोपऱ्यात अंग चोरून बसतो, तसंच.

डॉक्टरांनी नवी खालची कवळी केली. या वेळी जीभ आणि गाल यांना ढकलाढकली करायला लागू नये, अशा मधल्या पट्ट्यात दात बसवले. आणि आईला गृहपाठ दिला. तोंड उघडताना आधी जिभेचं टोक खालच्या दातांना टेकवायचं, मग तोंड उघडायचं. दिवसातून अनेकदा, आरशासमोर. आणि रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं. मी त्यात आपल्या शाळेची भर घातली. साठीचे आकडे म्हणायला लावले: एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, थेट अडुसष्टपर्यंत. 'स'साठी यापेक्षा चांगला व्यायाम मराठीत मला सापडला नाही. मग 'चांगला, चाक, चूल, चव' आणि त्यानंतर 'माझा, माझी, माझे'. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी आई आरशासमोर बसून दंत्य आणि दंततालव्य घोकत होती. बाई, तुमचा धडा असा उपयोगी पडला.

आठ दिवसांत काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात ती चिडली आणि कवळी परत डबीत गेली. एक दिवस. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच काढली, कारण भजनी मंडळाचा कार्यक्रम जवळ आला होता. दोन महिन्यांनी जीभ न सांगता जागेवर राहायला लागली. आज ती भाकरी खाते, पुढच्या रांगेत बसते. ऊस अजून नाही खात. दाणे कुटूनच खाते. 'दात आहेत तर चणे नाहीत' ही म्हण तिच्यापुरती अर्धी खोटी ठरली, एवढंच.

आईची गोष्ट मी एवढी लांबवली, कारण त्यातला निष्कर्ष आपल्यासाठी आहे, सत्तरीतल्यांसाठी नाही. आईचा पंधरा वर्षांचा प्रवास बरोबर आपल्या वयाला सुरू झाला होता. पहिली दाढ काढली तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. आज या सभागृहात बसलेल्या कितीतरी जणांची एखादी खालची दाढ काढलेली आहे आणि "दिसत नाही" म्हणून जागा तशीच आहे. ती इतरांना दिसत नाही. पण तुमच्या जिभेला कळली आहे. ती तिथे राहायला गेली आहे.

आपल्या वयाच्या लोकांनी आणखी एक खूण ओळखावी. वरच्या पुढच्या दातांत पूर्वी नसलेली फट पडली, किंवा एखादा दात पुढे आल्यासारखा वाटला, तर आरसा बदलू नका. हिरडीचा आजार आतल्या आत हाड खातो. हाड कमी झालं की जिभेचा नेहमीचा, इतकी वर्षं निरुपद्रवी असलेला दाबही दाताला पुरतो आणि तो सरकतो. जीभ तीच आहे, पकड सैल झाली आहे. मधुमेह असलेल्यांना हिरडीचा आजार जास्त होतो, आणि हिरडीचा आजार असला की साखरही आवरायला कठीण जाते. आपल्या ग्रुपवर दोन्हींचे सभासद भरपूर आहेत.

आणि तंबाखू. आपल्या आज्यांच्या पिढीत मिश्री घरोघरी होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. 'दात घट्ट होतात' म्हणून. घट्ट होत नव्हते, दुखणं तेवढं बधिर होत होतं आणि सवय लागत होती. दात आणि हिरडी दोन्ही जायचे, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. ती पुडी अजून कोणाच्या खिशात असेल तर आज आपल्या शाळेच्या कचरापेटीत टाकून जा, कोणी बघणार नाही. जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ताबडतोब दाखवा. यात थांबायचं नाही.

मुलांच्या बाबतीत एक इशारा. समाजमाध्यमांवर आपली मुलं जीभ टाळूला जोरात दाबून जबड्याची धार काढण्याचे व्हिडिओ बघतात. त्याला म्यूइंग म्हणतात. जिभेचा विसावा महत्त्वाचा आहे, हे मी आत्ताच वीस मिनिटं सांगितलं. पण त्यावरून जीभ दाबून चेहरा बदलतो असं होत नाही. मोठ्या माणसाचा जबडा त्याने बदलतो, याला भक्कम शास्त्रीय पुरावा नाही. मूल तोंडाने श्वास घेत असेल, झोपेत घोरत असेल, मोठं झाल्यावरही बोबडं बोलत असेल, तर नाक-कान-घसा आणि दंतवैद्य दोघांना दाखवा. व्हिडिओ हा डॉक्टर नव्हे.

आता करायचं काय, ते थोडक्यात. दात काढावा लागला तर त्याच दिवशी विचारा, "याच्या जागी काय आणि कधी?" अक्कलदाढ असेल तर बहुधा काही बसवावं लागत नाही. इतर दातांना पर्याय असतात: शेजारच्या दातांच्या आधाराने पूल, काढता-घालता येणारे दात, किंवा हाडात बसवलेलं इम्प्लांट. हे शेवटचं आज नवं वाटतं, पण स्वीडनमधल्या ब्रोनमार्क यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचं पहिलं इम्प्लांट १९६५ साली बसवलं. आपल्या जन्माच्या कितीतरी आधी. कोणता पर्याय तुम्हाला योग्य, ते हाड, खिसा आणि तब्येत बघून डॉक्टर ठरवतील. खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांत उपचार बरेच स्वस्त पडतात. आपल्याकडे पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचं दंत महाविद्यालय आहे. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८ सालापासून आपल्याच नाशकात, म्हसरूळला आहे. लांब जायला नको.

घरी कवळी वापरणारं कोणी असेल तर तीन गोष्टी बघा. रात्री काढून पाण्यात ठेवतात ना? सैल झाली म्हणून कानशीने घासून किंवा बाजारातलं काहीतरी लावून घरच्या घरी दुरुस्ती करत नाहीत ना? आणि खालची उचलली जात असेल, तर "सवय होईल" म्हणून सोडून देऊ नका. त्यांना तोंड थोडं उघडायला सांगा आणि जीभ कुठे आहे ते बघा. मागे गोळा होऊन बसली असेल तर ते डॉक्टरांना सांगा. दरवेळी दोष कवळीचा नसतो, आणि दरवेळी जिभेचाही नसतो. पण दोघींचं जमवून द्यावं लागतं.

शेवटी एक प्रस्ताव. आपण या मेळाव्यासाठी जी वर्गणी काढली त्यातून काही रक्कम उरणार आहे, असं खजिनदारांनी मला दबक्या आवाजात सांगितलं. नेहमीप्रमाणे तिची ट्रॉफी घेण्याऐवजी आपल्या निवृत्त शिक्षकांची आणि शिपाईमामांची दंततपासणी करू. आपल्या बॅचमध्ये तीन दंतवैद्य आहेत. तिघांनी मला होकार दिला आहे, फक्त तारीख आपण ठरवायची. ज्यांच्या कवळ्या डबीत आहेत, त्यांनी त्या डबीसकट आणाव्यात.

आपले शिक्षक वर्षानुवर्षं रोज सहा-सहा तास आपल्याशी बोलले. त्यांचा शब्द पुढची अनेक वर्षं स्पष्ट ऐकू यावा, त्यांना आपल्याबरोबर पंगतीत बसून भाकरी खाता यावी, एवढं आपल्याला नक्की करता येईल.

बाहेर मिसळ तयार आहे. दोन्ही बाजूंनी चावून खा.